पुसल्या गेलेल्या नगराची नक्कल



इतिहासाच्या व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्याला दोनतीनशे वर्षांपलीकडची हकीकत ऐकण्याची सवय असते. आज मी ज्या नगराविषयी बोलणार आहे ते वसले १९९४ च्या अखेरीस, आणि उठले २६ ऑक्टोबर २००९ रोजी. म्हणजे या मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या हयातीत. त्याला तट नव्हता, वेस नव्हती, नदी नव्हती. तरीसुद्धा ते नगरच होते. त्याला पेठा होत्या, पेठांतील घरांना क्रमांक होते, दारावर आल्यागेल्याची मोजदाद होती, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रुसवेफुगवेही होते. ते उठविण्याचा हुकूम निघाल्यावर काही माणसांनी रात्रीचा दिवस करून त्याची अक्षरशः नक्कल उतरून घेतली. ती कशी उतरली, तीत काय आले आणि काय राहिले, एवढाच आजचा विषय आहे.

या नगराचे नाव जिओसिटीज. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर या दोघांनी 'बेव्हर्ली हिल्स इंटरनेट' या नावाने हा उद्योग सुरू केला, आणि पुढल्याच वर्षी त्याचे जिओसिटीज असे नामकरण झाले. कल्पना अशी की, ज्याला इंटरनेटवर स्वतःचे पान मांडावयाचे आहे त्याला जागा फुकट द्यावयाची; मात्र ती जागा नुसती न देता त्याला एखाद्या पेठेत घर म्हणून द्यावयाची. नाटकसिनेमाचा नाद असलेल्याने 'हॉलीवूड' पेठेत जावे, संगणकाच्या वेड्याने 'सिलिकॉन व्हॅली'त, पैशाचा हिशेब मांडणाऱ्याने 'वॉल स्ट्रीट'वर, विद्याव्यासंगी माणसाने 'अथेन्स'मध्ये, घरसंसाराच्या गोष्टी सांगणाऱ्याने 'हार्टलँड'मध्ये, आणि परग्रहावरच्या प्राण्यांवर ज्याची श्रद्धा आहे त्याने 'एरिया ५१' मध्ये. पेठेचे नाव आणि पुढे घराचा क्रमांक, हाच त्या पानाचा पत्ता. नव्याने राहावयास येणाऱ्याला वसाहतकरी म्हणत. रानात जाऊन जमीन तोडून घर बांधणाऱ्या जुन्या अमेरिकन कुणब्यासाठी जो शब्द आहे, तोच येथे योजलेला होता.

या घरांतून काय होते, असे कोणी विचारील. पंडिताला दाखविण्याजोगे फारसे नव्हते. कोणी आपल्या मांजराची छायाचित्रे लावली होती, कोणी पोष्टाच्या तिकिटांची यादी दिली होती, कोणी आपल्या पलटणीतील दिवंगत सोबत्यांची नावे लिहिली होती, कोणी घराण्याची वंशावळ. पार्श्वभूमीवर चमकत्या चांदण्या, पान उघडताच वाजू लागणारे पिपाणीसारखे संगीत, आणि फावडे चालविणाऱ्या मजुराचे हलते चित्र : म्हणजे काम चालू आहे, पान अजून पुरे व्हावयाचे आहे. पुष्कळांची पाने कधीच पुरी झाली नाहीत, आणि तो बिचारा मजूर वर्षानुवर्षे फावडे मारीत राहिला. या साऱ्याला पुढे जाणकार मंडळी हसली. मला त्या हसण्याचे नवल वाटते. ज्यांना छापखान्याचा उंबरठा कधी ओलांडता आला नसता अशा लाखो सामान्य माणसांनी आपल्या हाताने जगापुढे काही मांडण्याचा हा पहिलाच प्रसंग. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराला असे साधन अठराव्या शतकाविषयी मिळते, तर त्याने त्यासाठी काय मोल दिले नसते?

पुढची कथा सावकारीची आहे, ती लवकर सांगून टाकतो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचे भाग बाजारात आले. १९९९ च्या जानेवारीत याहू या कंपनीने ती विकत घेण्याचे जाहीर केले. किंमत भागांच्या रूपाने साडेतीन अब्ज डॉलरांच्या घरात. त्याच उन्हाळ्यात नव्या मालकाने कराराची कलमे अशी लिहिली की, वसाहतकऱ्याच्या पानावरील मजकूर कंपनीला हवा तसा वापरता यावा. लोक खवळले, कित्येकांनी आपली पाने पुसून टाकली, आणि कंपनीला कलम मागे घ्यावे लागले. पेठांची व्यवस्थाही हळूहळू मोडली. माणसे दुसरीकडे राहावयास गेली. अखेर २००९ च्या एप्रिलमध्ये याहूने जाहीर केले की, नवी घरे देणे बंद, आणि वर्ष संपण्यापूर्वी सर्व नगर उठविले जाईल. ज्याला आपले सामान हवे असेल त्याने ते न्यावे. त्या वेळी तेथे निदान ३ कोटी ८० लाख पाने होती, असे सांगतात. पण सामान न्यावे कोणी? कित्येक घरमालक पासवर्ड विसरले होते, कित्येकांना खबरच नव्हती, आणि कित्येक या जगातच नव्हते.

येथे जरा थांबून, एखाद्या संकेतस्थळाची संपूर्ण नक्कल करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हे पाहिले पाहिजे. कारण पुढील सारे त्यावर अवलंबून आहे.

राजवाडे गावोगाव हिंडून जुने दप्तर उघडीत, तेव्हा रुमाल सोडला म्हणजे आतील कागद समोर तरी येत. संकेतस्थळाचा रुमाल बाहेरच्या माणसाला सोडता येत नाही. तो दारात उभा राहून एकेक कागद नावाने मागू शकतो, आणि ते नाव ठाऊक असेल तरच कागद मिळतो. मग नावे कशी कळावी? तर पहिल्या पानावर दुसऱ्या पानांचे दुवे असतात. ते वाचावे, ती पाने मागावी. त्यांवर आणखी दुवे असतात, तीही मागावी. असे करीत करीत नवे नाव आढळेनासे झाले, की नक्कल पुरी झाली असे धरावयाचे. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, ते जगाच्या अंतापर्यंत नक्कलनवीसाला सापडत नाही.

हे काम हाताने करणे म्हणजे वेड लागण्याची तयारी. म्हणून त्यासाठी प्रोग्राम लिहिले गेले. क्रोएशियातील ह्रव्होये निकशिच याने १९९६ साली सिद्ध केलेला 'वगेट' हा त्यांतील वडीलधारा. १९९८ साली झावियर रोश या फ्रेंच माणसाने 'एचटीट्रॅक' आणला. दोन्ही फुकट, दोन्ही आजही कामात आहेत. पण नोकर प्रामाणिक असला तरी हुकूम नेमका द्यावा लागतो. वगेटला दुव्यामागून दुवा घेत जा म्हटले, आणि किती खोल जावयाचे ते सांगितले नाही, तर तो पाच पायऱ्या उतरून थांबतो. सहाव्या पायरीवरील पाने आहेत की नाहीत याची वार्ताही देत नाही. उलट मर्यादाच घातली नाही आणि परक्या संकेतस्थळांवर जाण्याची मोकळीक दिली, तर तो एका घराची नक्कल करता करता सारे जग आणावयास निघतो. म्हणून 'याच पत्त्याच्या आत राहा' असे बजावावे लागते. पानाबरोबरची चित्रे आण, असे निराळे सांगावे लागते. आणलेल्या पानांतील दुवे मूळ पत्त्याकडे बोट दाखवीत असतात. ते फिरवून आपल्या पेटीतील पानांकडे वळव, असेही सांगावे लागते, नाहीतर मूळ घर पडल्यावर नकलेतील सगळी दारे भिंतीवर उघडतात. आणि दोन मागण्यांच्या मध्ये क्षणभर विसावा घे, हे सांगणे तर सभ्यपणाचेच. कारण एका दमात हजार कागद मागणारा पाहुणा यजमानाला जड होतो.

बारीकसारीक खोडीही फार. मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत लिहिलेली एकाच नावाची दोन चित्रे जिओसिटीजच्या सर्व्हरवर निरनिराळी असत. विंडोजच्या संगणकावर ती उतरविली की एकाने दुसऱ्याला पुसून टाकले म्हणून समजावे. शिवाय काही गोष्टी मुळात नकलेत येणाऱ्याच नव्हेत. आल्यागेल्याची संख्या दाखविणारे यंत्र, पत्र पाठविण्याचा अर्ज, शोधपेटी या सर्व्हरच्या आत चालणाऱ्या क्रिया. नकलेत त्यांचा त्या दिवशीचा चेहरा तेवढा येतो. घड्याळाचे छायाचित्र काढल्यासारखे.

आता नगराकडे परत येऊ. सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली स्थापन केलेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था तेव्हा तेरा वर्षे जगातील पाने टिपून ठेवीत होती. २००१ पासून तो संग्रह सर्वांना खुला झाला होता, आणि त्याची एक प्रत २००२ साली इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयाला दिली गेली होती. जुन्या ग्रंथालयाचे काय झाले हे लक्षात घेता, ही जागा मोठ्या विनोदबुद्धीने निवडली असावी. परंतु या संस्थेची रीत वाटसरूची. ती वेळोवेळी फेरी मारते आणि वाटेत दिसेल ते टिपते. एखाद्या घराचे पुढचे दालन मिळते, माजघर मिळत नाही, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी राहतात. आणखी एक अडचण होती. संकेतस्थळाच्या दारावर यंत्रांसाठी सूचनापत्र लावण्याचा रिवाज १९९४ पासून आहे. संस्था ते पाळीत असे, आणि तेही मागील तारखेपासून. म्हणजे जुन्या मालकाचा पत्ता सुटून कोणा नव्याने घेतला आणि 'यंत्रांनी आत येऊ नये' अशी पाटी लावली, की मृत मालकाची जुनी पानेही संग्रहातून दिसेनाशी होत. २०१७ साली संस्थेने या धोरणाचा फेरविचार जाहीर केला. तो आधीच व्हावयास हवा होता, असे माझे मत आहे.

जिओसिटीजसाठी संस्थेने खास फेरी काढली खरी. पण त्याच वर्षी जेसन स्कॉट यांनी 'आर्काइव्ह टीम' या नावाची स्वयंसेवकांची एक टोळी उभी केली होती. टोळी हाच शब्द योग्य. तिला ना कचेरी, ना घटना, ना अनुदान. आपापल्या घरातील संगणक लावून या मंडळींनी पेठेमागून पेठ, घरामागून घर उतरवावयास आरंभ केला. फुकटच्या पानांना ताशी ठराविकच मजकूर बाहेर देण्याची मर्यादा होती. ती ओलांडली की पान तात्पुरते बंद होई. मग थांबावे, तासाभराने पुन्हा मागावे. रिओसिटीज, ऊसिटीज अशा आणखी काही स्वतंत्र नकलाही त्याच सुमारास उभ्या राहिल्या. २६ ऑक्टोबरला नगर बंद झाले, आणि बरोबर एक वर्षाने, २०१० च्या ऑक्टोबरात, आर्काइव्ह टीमने आपला संग्रह जगाला वाटून टाकण्याचे जाहीर केले. आवळून बांधलेले ते गाठोडे सुमारे ६४१ गिगाबाईटचे होते. ओलिया लियालिना आणि ड्रागान एस्पेनशीड या कलावंत जोडप्याने ते उतरवून घेतले, आणि २०१३ पासून त्यातील एकेक पान त्या काळच्या ब्राउझरमध्ये जसे दिसले असते तसे दाखविण्याचा उपक्रम चालविला. कॅनडातील इतिहासकार इयन मिलिगन यांनी याच साधनांवर संशोधन करून २०१९ साली ग्रंथ लिहिला. पेठांतील शेजार केवळ नावापुरता नव्हता, वसाहतकरी एकमेकांची खरोखर विचारपूस करीत, हे या पानांवरून दाखविता आले.

या साहसाला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. पानाचा मालक विचारला नाही, त्याने होकार दिला नाही. सतराव्या वर्षी लिहिलेली कविता चाळिसाव्या वर्षी कोणी वाचू नये अशी इच्छा त्याला असू शकते. खरे आहे. मागणी आल्यास पान काढून घेण्याची सोय इंटरनेट आर्काइव्हने ठेवली आहे, ती म्हणूनच. परंतु ज्याचा मालक उरला नाही त्याच्या बाबतीत होकाराची वाट पाहणे म्हणजे आगीची वाट पाहणे. बारकाईने विचार करूनही माझा कौल नक्कल करणाऱ्यांच्या बाजूने पडतो. फार काय, जगातील पहिले पान घ्या. टिम बर्नर्स-ली यांनी ते १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न येथे मांडले. ते वारंवार बदलत गेले आणि त्याचे मूळ रूप कोणी राखले नाही. २०१३ साली सर्नने ते शोधावयास घेतले, तेव्हा हाती होती १९९२ ची प्रत. नंतर अमेरिकेतील एका प्राध्यापकाच्या जुन्या यंत्रात १९९१ ची निघाली. त्यामागचे काही नाही. आणि हे केवळ आरंभीचे गबाळेपण म्हणून सोडून देता येत नाही : अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत आढळले की, २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती.

आता एक घरची गोष्ट सांगतो.

आमच्या तालुक्यात मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. पेन्शनीत त्यांनी तालुक्यातील बारवा मोजावयास घेतल्या. पायऱ्या किती, खोली किती, कोनाड्यात देवता कोणती, शिलालेख आहे की नाही. आणि २००१ साली पुतण्याकडून शिकून घेऊन त्यांनी ते सारे जिओसिटीजवर मराठीत मांडले. एक्केचाळीस बारवांची एक्केचाळीस पाने. २००६ च्या पावसाळ्यात नाना गेले. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. २००९ साली दसऱ्यानंतर त्यांच्या कन्येने मला विचारले, 'दादा, नानांचे ते पान बंद होणार म्हणतात, काही करता येईल का?' म्हणजे आत जाण्याची वाट नाही. दारात उभे राहून एकेक कागद मागणे एवढेच हाती. दिवाळीच्या त्या आठवड्यात, फराळाचे ताट बाजूला ठेवून, मी वगेटशी झुंजत होतो. पहिल्या खेपेला पाच पायऱ्यांची अट माहीत नसल्यामुळे शेवटच्या नऊ बारवा आल्याच नाहीत. नानांनी प्रत्येक पानाखाली 'पुढील बारव' एवढाच दुवा दिला होता, आणि पहिल्या पानावरची यादी अपुरी होती. दुसऱ्या खेपेला सर्व एक्केचाळीस आल्या. छायाचित्रे आली. मी निश्चिंत झालो.

नगर उठल्यानंतर पंधरा दिवसांनी नकलेतील पान माझ्या नव्या संगणकावर उघडले, तो पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा चिवडा. कारण सांगितले पाहिजे, कारण मराठीतील त्या काळची बहुतेक पाने याच रोगाची आहेत. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती. पण सामान्य संगणकावर ती सोय रुळावयास २००० नंतरची काही वर्षे जावी लागली. तोवर लोक काय करीत? रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृती बसविलेला फाँट वापरीत. यंत्राच्या लेखी मजकूर रोमनच. वर मराठीचा मुखवटा. फाँट असेल तर मराठी, नसेल तर चिवडा. आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. नानांच्या पानांचा फाँट ठेवलेला होता दुसऱ्याच पत्त्यावर, आणि मी तर यंत्राला 'याच पत्त्याच्या आत राहा' असे बजावले होते. त्याने माझी आज्ञा पाळली. सुदैवाने नानांचा जुना संगणक त्यांच्या माळ्यावर होता. त्यात फाँट निघाला, आणि त्यावरून सगळा मजकूर युनिकोडमध्ये फिरवून मूळ पानाशी ओळीने ताडून घेता आला.

पण त्याच आज्ञेने आणखी एक गोष्ट गेली. नानांची अभिप्रायवही, म्हणजे वाचकांनी शेरे लिहावयाची जागा, जिओसिटीजवर नव्हती; दुसऱ्या एका फुकट सेवेकडे होती. माझ्या ध्यानात आले तोपर्यंत तीही सेवा बंद झाली होती. इंटरनेट आर्काइव्हमध्ये पाहिले. वहीचे मुखपृष्ठ मिळाले, आतील पाने नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर मी ही गोष्ट येथवर आणली नसती. सव्विसाव्या बारवेच्या पानावर नानांनी शिलालेखाचे वाचन दिले आहे. शके १६७१, म्हणजे इसवी सन १७४९ च्या सुमाराचे. त्याखाली तांबड्या अक्षरांत त्यांची टीप आहे : वर्षाच्या वाचनात माझी चूक झाली, एका वाचकाने ती सप्रमाण दाखवून दिली आहे, दुरुस्त वाचन अभिप्रायवहीत पाहावे. आणि पुढे दुवा. मी त्या बारवेवर जाऊन आलो. मधल्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आहे. शिळेवर सिमेंटचा जाड थर आहे आणि वर तैलरंग. नानांचे छायाचित्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फार लहान करून लावलेले, अंक वाचता येत नाही. मूळ छायाचित्र माळ्यावरच्या संगणकात नव्हते.

नानांच्या टिपेवर २००३ च्या मे महिन्याची तारीख आहे. त्या सुमारास ती अभिप्रायवही उघडून वाचलेले, किंवा स्वतःच ती दुरुस्ती लिहिलेले कोणी आज या मंडपात असतील, तर त्यांनी सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे. मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, पुस्तकांच्या टेबलापाशी थांबणार आहे.